रिजनल एअरलाइनची ऑफर आलीय? सही करायच्या आधी ट्रेनिंग, सीनियॉरिटी आणि बेस कसा तपासायचा

सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स झालेल्या पोरापोरींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पगार किती मिळतो?" आणि आईवडील लाइनवर असले की दुसरा, "घराजवळचं पोस्टिंग मिळंल का?" प्रश्न रास्त आहेत. घरातली सगळी पुंजी घातलेली असते, कुणी जमिनीवर कर्ज काढलेलं असतं, विचारणारच. पण मी एटीआरवर, म्हणजे छोट्या पंखेवाल्या (टर्बोप्रॉप) विमानावर, कोपायलट म्हणून लागलो, आज त्याच विमानावर कॅप्टन आहे आणि एवढ्या काळात आजूबाजूच्यांचं जे झालेलं बघितलं त्यावरनं माझं मत पक्कं झालंय की रिजनलमध्ये, म्हणजे छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपनीत, जाताना आधी ट्रेनिंग बघायचं, मग सीनियॉरिटी, मग बेस, आणि पगार सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टी नीट असल्या तर पगार मागनं येतो, आणि त्या बिघडल्या तर सुरुवातीचा चांगला पगारसुद्धा ईएमआयला पुरत नाही.

हा लेख आपल्या भागातल्या, म्हणजे कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणीकडच्या नवीन पायलटांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मोठा आहे, पण एकदा पूर्ण वाचा आणि मग ऑफर लेटर घेऊन परत वाचा.

आधी स्वतःची फाइल

हे थोडक्यात सांगतो कारण बहुतेकांना माहीत असतं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्याच्या सीपीएलला २०० तास लागतात, त्यात १०० तास पीआयसी, म्हणजे स्वतः कमांडमध्ये उडवलेले. त्याच्यावर मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू असलं पाहिजे, नुसतं कधीतरी केलेलं नको, करंट पाहिजे. आरटीआर म्हणजे रेडिओ वापरायचं लायसन्स, इंग्लिश प्रोफिशियन्सी किमान लेव्हल ४, आणि क्लास वन मेडिकल. मेडिकलचं एकच सांगतो, जी मुलं अजून फ्लाइंग स्कूललासुद्धा गेली नाहीत त्यांनी क्लास वन झाल्याशिवाय कर्जाच्या कागदाला हात लावू नका. डोळ्याचा, कानाचा, हृदयाचा काही प्रश्न निघणार असेल तर तो पैसे भरायच्या आधी निघू दे.

लॉगबुक स्वच्छ ठेवा. ईजीसीएवर, म्हणजे डीजीसीएच्या वेबसाइटवर, भरलेले तास आणि वहीतले तास जुळले पाहिजेत, इंटरव्ह्यूला बसल्यावर दोन आकडे निघाले तर समोरचा माणूस पुढचं काही ऐकायच्या मूडमध्ये राहत नाही.

कंपनी कुठल्या जातीची आहे ते ओळखा

आपल्याकडे रिजनल म्हणजे सगळं एकच नाही. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची, एटीआर चालवते आणि थोडी डॉर्नियर विमानंसुद्धा आहेत. स्टार एअर आपल्या घोडावत ग्रुपची, २०१९ ला सुरू झाली, ती एम्ब्राएर जेट चालवते, आधी ५० सीटचं ईआरजे १४५ आणि आता ७६ सीटचं ई १७५. फ्लाय ९१ गोव्याच्या मोपावरनं मार्च २०२४ ला सुरू झाली, एटीआर ७२-६००. आणि इंडिगो, तिच्याकडं २०१७ पासून एटीआर आहेत पण ती रिजनल कंपनी नव्हे, मोठ्या कंपनीतला छोटा फ्लीट आहे आणि हा फरक सीनियॉरिटीत फार मोठा पडतो, त्याच्यावर पुढं येतो.

रिजनलचा धंदा बऱ्याच अंशी उडान योजनेवर उभा राहिला. २०१६ ला योजना जाहीर झाली, एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली पहिलं विमान उडालं, आणि कंपनीला रूटवर तीन वर्षं तोटा भरून काढायला सरकारकडनं पैसे मिळतात. आता नवीन पायलटनं ह्यात काय बघायचं, तर कंपनीचे किती रूट अजून त्या तीन वर्षांत आहेत आणि किती रूट स्वतःच्या पायावर चालतात. सबसिडी संपली की रूट बंद होतो, रूट बंद झाला की विमान दुसरीकडं जातं, विमान गेलं की तुमचा बेस हलतो. आपण कोल्हापूरकरांनी तर हे उघड्या डोळ्यांनी बघितलंय, ट्रूजेटचं एटीआर उजळाईवाडीला उतरायचं, नंतर ती कंपनीच थांबली. मुंबईच्या स्लॉटपायी, म्हणजे तिथं उतरायची-उडायची वेळ न मिळाल्यानं, आपली फ्लाइट किती वेळा अडकली ते वेगळंच. किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३, प्रत्येक वेळी पायलट घरी बसलेत. म्हणून विमानं किती आहेत, त्यातली उडतायत किती, आणि ऑर्डर केलेली कधी येणार हे तीन आकडे मिळवायचेच. पाच विमानांच्या कंपनीत दोन विमानं एओजी झाली, म्हणजे बिघडून जमिनीवर अडकली, की रोस्टरची म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाची कशी वाट लागते ते तिथं काम करणाऱ्या कुठल्याही कोपायलटला विचारा. तास निम्म्यावर येतात, आणि तास कमी म्हणजे पैसे कमी आणि कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, लांब.

ट्रेनिंग: इथं घाई करू नका

टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक विमानाचं ट्रेनिंग, त्यात ग्राउंड क्लास, मग सिम्युलेटर (सिम), मग चेक. हे सगळ्यांना माहीत असतं. पण लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी फ्लाइटवर, ट्रेनरशिवाय सोडायच्या आधी अजून बरंच असतं: एसईपी म्हणजे आग, डिचिंग (पाण्यावर उतरणं), दरवाजे वगैरे, डेंजरस गुड्स, सीआरएम म्हणजे क्रूनं एकत्र काम करायचं शिक्षण, मग खऱ्या विमानावरची लँडिंग, जंप सीटवर बसून ऑब्झर्व्हेशन, मग सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग आणि शेवटी रिलीज चेक. ह्यातल्या प्रत्येक पायरीला इन्स्ट्रक्टर लागतो, आणि छोट्या कंपनीत इन्स्ट्रक्टर मोजके असतात. तेच कॅप्टन रोजच्या फ्लाइट उडवतात, तेच सिम घेतात, तेच चेक घेतात. एक जण सोडून गेला की मागची अख्खी बॅच लटकते. मी अशी पोरं बघितलीत जी टाइप रेटिंग करून महिनोन्‌महिने ऑफिसच्या खुर्चीत बसली, सिममध्ये शिकलेलं हाताखालनं गेलं, परत सिम करायला लागलं, आणि ह्या सगळ्या काळात स्टायपेंडवर.

म्हणून इंटरव्ह्यूला किंवा एचआरला हे प्रश्न सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही. टाइप रेटिंगचा खर्च कोण करतंय? सिम कुठं आहे, आपल्याकडं गुरुग्राम-हैदराबादला का परदेशात, आणि स्लॉट बुक झालेत का? ट्रेनर किती आहेत? मागच्या बॅचला जॉइनिंगपासून रिलीजपर्यंत किती वेळ लागला? एचआर गोड बोलून "तीन-चार महिने" म्हणेल, म्हणून त्याच कंपनीत गेल्या वर्षी लागलेला एखादा ज्युनियर गाठा आणि त्याला त्याची तारीख विचारा. फ्लाइंग स्कूलचे मित्र हे सांगतात, बारामती, कराड, गोंदिया, धुळे, कुठंही शिकला असाल तरी तुमच्या पुढच्या बॅचचं कुणीतरी तिथं असतंच.

आता ट्रेनिंग चांगलं म्हणजे काय हे नुसत्या दिवसांवरनं कळत नाही. एटीआरचं एक उदाहरण देतो. मधल्या पेडेस्टलवर डावीकडं दोन पॉवर लिव्हर, त्यांच्या शेजारी दोन कंडिशन लिव्हर, आणि त्यांच्या उजवीकडं फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागनं खाली येणाऱ्या पट्ट्यांचा, लिव्हर. पॉवर लिव्हरनं ताकद कमीजास्त होते, कंडिशन लिव्हरनं प्रोपेलर कंट्रोल होतो, फेदरपर्यंत, म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेला वळून पंख्याचं ओढणं बंद होतं तिथपर्यंत. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळच्या पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ पडलं, ७२ माणसं गेली. उडवणाऱ्या पायलटनं फ्लॅप ३० मागितले, शेजारच्यानं "फ्लॅप ३०" म्हणून उत्तर दिलं, पण फ्लॅप १५ वरच राहिले आणि दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले. इंजिनं चालू, पुढं ओढणारी ताकद (थ्रस्ट) शून्य. शेजारी बसलेला माणूस अनुभवी इन्स्ट्रक्टर होता. त्याच्या आधी ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईला ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये टेकऑफनंतर उजव्या इंजिनचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला आणि कॅप्टननं चालू असलेलं डावं इंजिन बंद केलं. ४३ माणसं गेली. त्या कॅप्टनला आधीच्या सिम चेकमध्ये इमर्जन्सी हाताळायला अडचण आली होती हे तपासात निघालं.

हे भीती घालायला सांगत नाहीये. टर्बोप्रॉप हे विमान चुका पोटात घालत नाही, आणि छोट्या रनवेवर, कमी उंचीवर, दिवसात चार-सहा लँडिंग करत उडवायचं असतं. तेव्हा चांगली ट्रेनिंग असलेली कंपनी तुम्हाला लिव्हरवर हात ठेवून नाव बोलायला लावते, डोळ्यानं गेज बघून मग हलवायला लावते, दुसऱ्यानं कन्फर्म केल्याशिवाय इंजिन बंद करू देत नाही, आणि ह्यात चुकलात तर एक्स्ट्रा सिम देते आणि त्यासाठी तुमच्यावर शिक्का मारत नाही. मागच्या बॅचवाल्याला हाच प्रश्न विचारा, "एखाद्याला जड गेलं तर एक्स्ट्रा सेशन मिळतं का, आणि त्याचे पैसे कोण भरतं?" ह्या एका उत्तरात कंपनीचा स्वभाव कळतो. माझ्या मते ज्या कंपनीत एक्स्ट्रा सिमचे पैसे पायलटकडनं कापतात तिथं जाताना दहा वेळा विचार करावा, कारण मग पोरं अडचण सांगायच्या ऐवजी लपवतात.

अजून एक. आपल्याकडच्या छोट्या विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी आयएलएस, म्हणजे ढगातनं रनवेवर आणणारी रेडिओ यंत्रणा, नसतं. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको, जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर असते तेव्हा ढग कुठं असतात ते गच्चीवरनं दिसतं. अशा ठिकाणी आयएलएस नसताना उतरायला येणं (नॉन-प्रिसिजन अप्रोच), उतरणं सोडून परत वर जाणं (गो-अराउंड) आणि दुसऱ्या विमानतळावर जायचा (डायव्हर्जन) निर्णय हेच रोजचं काम आहे. कंपनी गो-अराउंड करणाऱ्याला नंतर फोन करून खुलासा मागते का, हेसुद्धा लाइनवरच्या माणसाला विचारा. जिथं प्रत्येक गो-अराउंडची उलटतपासणी होते तिथं नवीन माणूस खराब अप्रोच ओढत राहतो.

तासांचं गणित घरी बसून करा

कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स, लागतं आणि त्याला १५०० तास. समजा तुम्ही २५० तासांनी लागलात, राहिले १२५०. कंपनी महिन्याला ७० तास देत असेल तर रिलीजनंतर साधारण १८ महिन्यांत आकडा गाठता. ४५ च देत असेल तर २८ महिने लागतात. दहा महिन्यांचा फरक, आणि तोसुद्धा रिलीज कधी होतो ते सोडून.

दुसरीकडं कर्ज बघा. ६० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरलं तर हप्ता महिन्याला ८१ हजाराच्या आसपास बसतो. बऱ्याच कंपन्यांत पगार म्हणजे फिक्स अधिक तासाप्रमाणे फ्लाइंग अलाउन्स, त्यामुळे ऑफर लेटरवरचा मोठा आकडा पूर्ण तास उडाल्यावरचा असतो. मिनिमम गॅरंटी किती तासांची आहे ते विचारा, आणि पूर्ण पगार कुठल्या दिवसापासून चालू होतो तेही, जॉइनिंगपासून, टाइप रेटिंगपासून का रिलीजपासून. हप्ता स्टायपेंडमधनं निघत नसेल तर तेवढ्या महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच जॉइन व्हा. बँकेकडनं मोरेटोरियम, म्हणजे हप्ते चालू व्हायच्या आधीची सवलत, वाढवून मिळतं का ते आधी विचारा, हप्ता चुकल्यावर विचारायला गेलात तर मॅनेजरचा सूर वेगळा असतो.

एटीपीएलला नुसते एकूण तास चालत नाहीत, पीआयसीची वेगळी अट असते आणि तिथं पिकसचे, म्हणजे कॅप्टन शेजारी असताना तुम्ही कमांड केलेले, तास कामाला येतात. कॅप्टनच्या देखरेखीत तुम्ही कमांड केलेल्या सेक्टरची, म्हणजे एकेका फ्लाइटची, सही त्या त्या वेळी घ्या. तो कॅप्टन नंतर नोकरी सोडून दोहाला गेला की सहीसाठी मागं पळत बसाल. आणि ज्यांना एका पायलटच्या सर्टिफिकेशनचं छोटं विमान, कॅराव्हॅनसारखं, मिळतंय त्यांनी तिथले कोपायलटचे तास पूर्ण धरले जातात का ते डीजीसीएच्या चालू नियमात वाचून घ्या, मोठ्या मल्टी-क्रू विमानासारखे ते सरळ धरले जातीलच असं समजू नका.

बाँड: घरच्यांना घेऊन वाचा

शिरोळकडचं एक कुटुंब मध्ये राजारामपुरीत भेटायला आलं होतं, पोरगी, तिचे अण्णा आणि मामा. अण्णांनी ऑफर लेटर प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडता आणलेलं. ते म्हणाले, "सर, पगार वाचला, चांगला आहे." मी शेवटची तीन पानं उघडली. बाँडची, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला भरायची, रक्कम होती, मुदत होती, आणि एक ओळ अशी होती की मुदतीत कधीही सोडलं तर पूर्ण रक्कम. म्हणजे मुदतीचा शेवटचा महिना राहिला तरी पूर्ण. अण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सोसायटीचं कर्ज पण फेडल तसं कमी होतंय की ओ." अगदी बरोबर आहे त्यांचं. पोरीनं कंपनीला मेल करून दरमहा कमी होत जाणारा बाँड मागितला आणि तो मिळाला. मागितलं म्हणून मिळाला.

बाँडमध्ये हे शोधा. रक्कम काळाप्रमाणे कमी होते का. तुम्ही ट्रेनिंगमध्ये पास झाला नाहीत तर काय. मेडिकली अनफिट झालात तर बाँड लागू राहतो का, राहता कामा नये. कंपनीनं विमानं उभी केली, पगार थांबवला किंवा बंदच पडली तर बाँडचं काय. कोरे चेक मागत असतील तर रक्कम आणि कारण लिहून घ्या, आणि घराची ओरिजिनल कागदपत्रं कुणाकडंही देऊ नका. वकिलाला एकदा दाखवा, त्याची फी बाँडच्या मानानं काहीच नाही.

बाँडबरोबर नोटीस पिरियड लक्षात ठेवा. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं कोपायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस. म्हणजे मोठ्या कंपनीची ऑफर आली म्हणून पुढच्या महिन्यात जाता येत नाही, आणि ती ऑफर तुमच्यासाठी सहा महिने थांबेलच असंही नाही.

सीनियॉरिटी

आपल्याकडं हे लगेच समजतं, कारण कारखान्याला उसाची नोंद असते तशीच ही गोष्ट आहे. लागणीची तारीख आधीची तर तोड आधी, ऊस कितीका चांगला असेना. एअरलाइनमध्ये तुमचा नंबर ठरला की कमांडचा चान्स, बेस बदली, दिवाळी-गणपतीची सुट्टी, मोठ्या विमानावर जायची पाळी, सगळं त्या नंबरवर चालतं. आणि कंपनी बदलली की नोंद परत शून्यापासून.

म्हणून पहिली गोष्ट, नंबर कुठल्या तारखेवर ठरतो? जॉइनिंगच्या, टाइप रेटिंग एंडॉर्स झाल्याच्या, का रिलीजच्या? एका बॅचमध्ये एकाच दिवशी दहा जण लागले तर त्यांच्यात पुढंमागं कसं लावतात, वय, तास, का ग्राउंडचे मार्क? अमेरिकेत रिजनल कंपन्यांत हे फार काटेकोर असतं, हायर डेटवर नंबर पडतो आणि बेस, रोस्टर, सुट्टी त्या नंबरवर बिड करून, म्हणजे पसंती देऊन, मिळते, युनियनच्या कराराप्रमाणं. तिकडचे व्हिडिओ बघून आपली मुलं तसंच समजतात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी कंपनीच ठरवते आणि लिखित धोरण असलं तरी "ऑपरेशनल गरजेनुसार" हे दोन शब्द त्यात असतातच. तेव्हा धोरण लिखित आहे का आणि सीनियॉरिटी लिस्ट सगळ्यांना दिसते का, हे विचारा. लिस्ट दिसत नसेल तर नंबर आहे असं धरू नका.

नुसता नंबर सांगून उपयोग नाही, तुमच्या पुढची रांग किती वेगानं सरकते ते बघायचं. कॅप्टन किती, कोपायलट किती, नवीन विमानं किती येणार. एका टर्बोप्रॉपला साधारण पाच-सहा जोड्या पायलट लागतात, म्हणजे चार विमानं खरंच आली तर वीसेक कमांड उघडतात. आता तुमच्या पुढं पंधरा कोपायलट असतील तर तुम्ही फायद्यात, साठ असतील तर नाही. आणि वरचे कॅप्टन सोडून जातायत का? रिजनलमध्ये कॅप्टन मोठ्या कंपनीत गेले की खालच्यांना लवकर कमांड मिळते, ही रिजनलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मोठ्या कंपनीत जेटवर लागलेला तुमचा बॅचमेट अजून उजव्या, म्हणजे कोपायलटच्या सीटवर असताना तुम्ही एटीआरच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर असू शकता. कमी वयात कमांडचे तास हातात येणं ह्याची किंमत फार आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण त्याची दुसरी बाजू पण बघा. एटीआर ७२ साधारण २३ टनांचं आहे, आणि जेटवाल्या कंपन्या, विशेषतः गल्फच्या, जेटचे तास वेगळे मागतात. स्टार एअरच्या एम्ब्राएरवर लागलात तर जेटचे तास मिळतात, एटीआरवर कमांड लवकर मिळायची शक्यता जास्त. दोन्ही रस्ते चांगले आहेत. ज्याला पुढं परदेशात जायचंय त्यानं पहिला घ्यावा, ज्याला इथंच लवकर कॅप्टन व्हायचंय त्यानं दुसरा.

आणि आता इंडिगोची गोष्ट जी वर सोडली होती. मोठ्या कंपनीच्या एटीआर फ्लीटवर लागणाऱ्यानं विचारायचं की एटीआरवरची सीनियॉरिटी एअरबसवर जाताना टिकते का, कधी जाता येतं, आणि गेल्यावर बाँड नवीन लागतो का. टिकत असेल तर एकाच कंपनीत राहून टर्बोप्रॉपवरनं जेटवर जाता येतं. शुद्ध रिजनल कंपनीत ही सोय नाही, तिथनं मोठं व्हायचं म्हणजे राजीनामा आणि नवीन रांग.

मुलींनी एक वेगळा प्रश्न जरूर विचारा. कायद्यानं २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह आहे, पण उडायचं त्याच्या बरंच आधी थांबतं, तर त्या पूर्ण काळात सीनियॉरिटी चालू राहते का, आणि परत आल्यावर सिम कधी मिळतं? आजारपणामुळे मेडिकल तात्पुरतं गेलेल्या मुलांनाही हाच प्रश्न लागू आहे.

बेस

कोल्हापूरला विमानतळ आहे, १९३९ पासून आहे, आणि मार्च २०२४ पासून नवीन टर्मिनल पण आहे, म्हणून घरच्यांना वाटतं की पोरगं घरी जेवून ड्युटीला जाईल. बेस म्हणजे जिथं विमान रात्री मुक्कामाला असतं आणि जिथं क्रू राहतो. कोल्हापूरला विमान येतं, माणसं उतरवतं, चढवतं आणि परत जातं. तुमचा बेस बेंगळुरू, हैदराबाद, गोवा, दिल्ली असा कुठंतरी असणार. बेस कुठला हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या आणि तो कधीही बदलू शकतो हे त्याच्या खालीच लिहिलेलं असेल, ते पण वाचा.

बेस निवडायला मिळालाच तर घराचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वीकली रेस्टमध्ये मोजा. जुलै २०२५ पासून वीकली रेस्ट ३६ ची ४८ तास झाली, ही मोठी गोष्ट आहे. त्या ४८ तासांत घरी जाऊन परत येऊन झोप पूर्ण होते का? मोपावरनं कोल्हापूर गाडीनं चार-पाच तास, ते जमतं, पावसाळ्यात घाट बघून. हैदराबादहून थेट फ्लाइट असते तोपर्यंत सोपं, पण स्टाफ तिकीट म्हणजे सीट रिकामी राहिली तर, आणि लग्नसराईत एटीआरमध्ये सीट रिकामी राहत नाही. बेंगळुरूला रात्रीची बस किंवा मिरजेवरनं राणी चन्नम्मा. मुंबईला महालक्ष्मी. सकाळची ड्युटी असेल तर आदल्या दिवशी दुपारीच बेसला पोचलेलं असा, रात्रभर बसमध्ये बसून कॉकपिटमध्ये जायचं नाही, ह्यात तडजोड नको. थकलेला माणूस कंडिशन लिव्हर आणि फ्लॅपमधला फरक चुकू शकतो, वर सांगितलं ते उगाच नाही.

होम स्टँडबायला कोल्हापुरात बसता येत नाही. होम म्हणजे बेसवरचं घर, फोन आला की कंपनीनं ठरवलेल्या वेळात एअरपोर्टला हजर. महिन्यात स्टँडबाय किती दिवस लावतात ते लाइनवरच्या पोरांना विचारा, नवीन माणसाला जास्त लागतात.

बेसचा खर्च हिशोबात धरा. एअरपोर्टजवळ भाडं, डिपॉझिट, पहाटे साडेतीनला कंपनीची गाडी येते का स्वतः जायचं. आणि हा फरक नीट समजून घ्या: डेप्युटेशनवर दुसऱ्या शहरात पाठवलं तर हॉटेल आणि अलाउन्स मिळतो, बेस ट्रान्सफर केली तर तुमचं सामान तुम्हीच हलवायचं. काही ठिकाणी डेप्युटेशन म्हणून पाठवतात आणि मग तीच ट्रान्सफर करून टाकतात, त्यामुळे डेप्युटेशन किती दिवसांचं ते मेलवर घ्या.

छोट्या बेसचा एक मोठा फायदा आहे जो कुणी सांगत नाही. तिथं तेच सात-आठ कॅप्टन परत परत शेजारी असतात, ते तुम्हाला ओळखतात, तुमची फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलणं, कुठं चुकते ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या सेक्टरला दुरुस्त करतात. मोठ्या बेसवर रोज नवीन माणूस, रोज नवीन ओळख. पहिल्या वर्षासाठी मी तर छोटा बेसच घेईन, घरापासून लांब असला तरी.

दोन ऑफर हातात असतील तर

आधी दोन्ही कंपन्यांच्या मागच्या बॅचचा रिलीजचा काळ आणि महिन्याचे तास समोर लिहा, त्यावरनं एटीपीएलची तारीख काढा. मग बाँड आणि नोटीस धरून किती वर्षं अडकणार ते लिहा. एटीपीएलच्या तारखेनंतर बाँड दोन-तीन वर्षं शिल्लक असेल आणि कमांड लगेच मिळणार नसेल तर ती ऑफर महाग पडते. फरक चार-सहा महिन्यांचाच निघाला तर जिथं ट्रेनर जास्त आणि एक्स्ट्रा सिम फुकट तिथं जा. आणि एकीकडं जॉइनिंगची तारीख पक्की, दुसरीकडं "लवकरच कळवू" असेल तर पक्की तारीख घ्या, कारण वाट बघताना इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपतं, परत पैसे जातात आणि नंबर पण मागं पडतो.

जॉइन होताना लॉस ऑफ लायसन्स इन्शुरन्स कंपनी देते का, किती रकमेचा, आणि तो प्रोबेशनमध्ये लागू आहे का हे विचारून घ्या. कंपनी देत नसेल तर स्वतःचा काढता येतो का ते बघा, तोसुद्धा पहिल्या पगारातनंच. मेडिकल गेलं तर कर्ज थांबत नाही, आणि घरच्यांनी सह्या केलेल्या असतात. ऑफर लेटर, बाँड, सीनियॉरिटी धोरण, बेसचा मेल, सिमचे रिपोर्ट ह्या सगळ्याची एक कॉपी घरी ठेवा आणि एक स्वतःकडं, कंपनीचा मेल आयडी नोकरी सोडली त्या दिवशी बंद होतो.